लेफ्ट हाफची जागा

त्या हिवाळ्यात आमची पलटण काश्मीरात ताबारेषेवर होती आणि आमच्या पोस्टवर वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावचे दोघे होते. एक मी, तेव्हा नाईक. दुसरा शिपाई मिलिंद थूल, माझ्याच गल्लीतला, माझ्याहून बराच लहान. लोकांना वाटतं, ओळख असली की फौजेत सोयीचं पोस्टिंग मिळतं. तसं काही नसतं. एका गावचे दोघे एका पोस्टवर आले हा निव्वळ योगायोग होता.

पोस्टवरचा दिवस म्हणजे पहाटे स्टँड-टू, हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणं, मग बंकरवरचा बर्फ उपसणं, हत्यारं साफ करणं, स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करणं आणि संध्याकाळी वायरलेसवर खालच्या बेसशी बोलणं. गोळीबाराच्या गोष्टी ऐकायला आलेले पाहुणे इथवर आले की जांभया देतात. त्यांना मी दोष देत नाही. माझ्या नोकरीत बंदुकीपेक्षा फावडंच जास्त वेळ हातात होतं.

मिलिंदचा जीव फुटबॉलमध्ये होता. सिंदीला स्टेशनला लागून मैदान आहे. फेब्रुवारीत कापसाची गर्दी ओसरली की तिथे शनिवार-रविवारची टूर्नामेंट व्हायची. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, केळझर अशा आठ टीम यायच्या. पगारी खेळाडू कोणी नाही. आमचा कॅप्टन गिरीश बापाच्या किराणा दुकानात बसायचा, गोलकीपर जिनिंगमध्ये हमाल होता, बाकीचे कॉलेजात नाव असलेले किंवा नाव कटलेले. मिलिंद लेफ्ट हाफ खेळायचा.

टीमची एक रीत होती. फौजी सुट्टीवर निघाला असं कळलं की त्याचं नाव द्यायचं, आणि तो येईस्तोवर त्याच्या जागी दुसरा उतरवायचा नाही. रेफरीने विचारलं, "दहाच?" की गिरीश म्हणायचा, "एक येऊन राह्यला." आदल्या वर्षी मिलिंद पहिला हाफ संपायच्या बेतात नागपूर पॅसेंजरमधून उतरला, होल्डॉल गोलपोस्टमागे टाकला, बूट चढवले आणि रेफरीला सलाम ठोकून मैदानात शिरला. आम्ही ती मॅच जिंकलो. तेव्हापासून ही रीत मोडायचं कोणाच्या मनात येईना. शहाणा माणूस याला खुळेपणा म्हणेल. मीही म्हणायचो.

आम्हा दोघांची रजा एकदमच मंजूर झाली. संध्याकाळी बेसकडून निरोप आला तेव्हा सेटवर मिलिंदच होता.

"लीव्ह पार्टी दो बॅच में नीचे आएगी. नाले में भीड नहीं. ओव्हर."

"रॉजर. पहली बॅच में कौन? ओव्हर."

"सीनियर पहले. ओव्हर."

मिलिंदने हँडसेट ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसला. "जा भाऊ, तुमी पुढं. गिरीशले सांगजा, शनवारी नाई तं आयतवारी येतोच. माही जागा कोनाले देऊ नका म्हना."

खाली उतरायची वाट एका अरुंद नाल्यातून होती. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि त्यावर साचलेला बर्फ. म्हणून एका वेळी थोडीच माणसं सोडायची, तीही एकमेकांत अंतर ठेवून. प्रत्येकाच्या कमरेला लांबलचक लाल दोर, त्याचं मोकळं टोक मागे फरफटत. माणूस गाडला गेला तरी दोराचा एखादा भाग बर्फावर दिसावा, एवढाच त्याचा उपयोग. आमची बॅच सुखरूप उतरली.

शुक्रवारी मी घरी पोचलो. निरोप दिला. गिरीशने मिलिंदचं नाव दिलं आणि दहा जण तयार ठेवले.

शनिवारी मिलिंदचे वडील, नामदेवकाका, सकाळपासून मैदानावर. रेल्वेत गँगमन होते, नुकतेच रिटायर झालेले. बायको आधीच वारलेली, मिलिंद एकुलता एक. डाव्या लाइनीच्या कडेला पोतं अंथरून बसले होते, मांडीवर मुलाचे बूट, तेल लावून मऊ केलेले. पॅसेंजर थांबली की आमची पोरं बॉल सोडून फलाटाकडे पाहायची. त्यातच एक गोल खाल्ला. तरी दहा जणांनी मॅच काढली. रविवारी सकाळी सेमीफायनलही पेनल्टीवर निघाली. मिलिंदचा पत्ता नव्हता. काका म्हणाले, "जम्मूची गाडी लेटच राह्यते."

फायनलच्या थोडं आधी एसटीडी बूथवाला मला शोधत आला. रजेवर निघताना मी त्याचाच नंबर देऊन आलो होतो. फोनवर आमचे सुभेदारसाहेब होते.

"सुनो. दूसरी बॅच मौसम से रुकी थी. उतरते वक्त उस पर बर्फ का स्लाइड आया. बाकी सब निकल आए. थूल नहीं मिला."

"कब, साब?"

"परसों."

"रस्सी?"

"नहीं दिखी. सर्च चालू है. घर पर तार जाएगा. उससे पहले तुम बता दो."

"जी, साब."

परसों म्हणजे शुक्रवार. शनिवारी ज्याची जागा आम्ही रिकामी ठेवली, तो आदल्या दिवशीच बर्फाखाली गेला होता.

मी बूथमधून बाहेर आलो. मैदान समोरच होतं. फौजेत पुष्कळ हुकूम पाळले, पण त्या पन्नास-साठ पावलांचा हुकूम मला सगळ्यात जड गेला. काकांजवळ जाऊन उकिडवा बसलो आणि फोनवर ऐकलं ते सगळं सांगितलं. काही राखलं नाही.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मेला म्हनून सांगतलं का त्याइनं?"

"नाई काका. सापडला नाई म्हनून सांगतलं."

"मंग सापडंल."

"काका, बर्फात गाडलेला मानूस लवकर काढला तरच वाचते. परवाची गोष्ट हाय. आशा ठेवू नका."

"दोर बांधला होता ना?"

"बांधला असंल. दिसला नाई."

"दिसंल," काका म्हणाले आणि बुटांवरची धूळ पंच्याने झटकली.

एव्हाना गिरीश आणि पोरं भोवती जमली होती. गिरीश म्हणाला, "फायनल सोडून देऊ. शिल्ड त्याइलेच देऊन टाका." काका उठले. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही.

"खेळा. दहाच उतरा. त्यानं तुमाले निरोप धाडला हाय."

हिंगणघाटच्या कॅप्टनच्या कानावर गेलं. भला माणूस. तो येऊन म्हणाला, "काका, आमी बी एक कमी करतो. दहा-दहा खेळू."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमी काऊन कमी करता? तुमचा तं कोनी येऊन नाई राह्यला."

तो मान डोलावून आपल्या पोरांकडे परत गेला.

फायनल झाली. बघ्यांना काहीच माहीत नव्हतं. ते आपले ओरडत होते, "लेफ्ट खाली हाय बे, तिकडून घाल." हिंगणघाटची पोरं सुरुवातीला लाजून आमच्या उजवीकडूनच येत राहिली. पण खेळ हा खेळ असतो, मोकळी जागा दिसली की पाय तिकडेच वळतात. चारही गोल त्या बाजूने झाले. तिसऱ्या गोलनंतर आमचा गोलकीपर बॉल उचलायला वाकला तो लवकर उठलाच नाही. मी काकांच्या शेजारी उभा होतो. मला त्या ओरडणाऱ्यांचा राग आला, टीमचा आला, काकांचाही आला. सगळ्यात जास्त राग त्या 'नहीं मिला'चा आला. मेला म्हणाले असते तर बापाला तिथेच रडता आलं असतं.

रजा अर्धी टाकून मी परत गेलो. उन्हाळ्यात बर्फ उतरल्यावर सर्च पार्टीबरोबर नाल्यात गेलो. एक मेसटिन, जेवणाचा फौजी डबा, मिळाली, लाल दोराचा एक तुकडा मिळाला. तो मिलिंदचाच होता असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. बर्फाखालून वाहणारं पाणी काय काय कुठे नेतं, ते सांगणं कठीण. कागदावर तो आधी 'मिसिंग' होता, पुढे 'मिसिंग, बिलीव्ह्ड किल्ड' झाला. हे इंग्रजी मी काकांना मराठीत समजावून सांगितलं. ते म्हणाले, "वाटते म्हनतात, माहीत हाय म्हनत नाई."

त्यांनी मेलेल्या माणसाचा जलदान विधी होऊ दिला नाही. विहारातून भन्ते आले, समाजातली जाणती माणसं आली. काकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि हात जोडून वाटेला लावलं. घरात मिलिंदचा फोटो होता, त्याला हार घालायची कोणाची टाप नव्हती.

आणि टीम दहाच उतरत राहिली. दर फेब्रुवारीत रेफरी विचारायचा, गिरीश तेच उत्तर द्यायचा, काका डाव्या लाइनीजवळ पोतं अंथरायचे. एवढंच की आता आम्ही शनिवारीच हरून बाहेर पडायचो. सुरुवातीला बाहेरच्या टीम हळहळल्या, मग हसायला लागल्या. सिंदीशी पहिली मॅच पडली की बाय मिळाल्यासारखं, असं उघड म्हणायच्या. चांगली पोरं बुटीबोरीच्या कारखान्यांत लागली. नवी आलेली कुरकुर करायची, आणि त्यांचं चूक नव्हतं. मिलिंदला त्यांनी पाहिलंही नव्हतं. मी हवालदार होऊन पेन्शनवर घरी आलो तेव्हा गिरीश म्हणाला, "भाऊ, तुमी बोला. टीम मरून राह्यली." मी दोनदा गेलो. काकांनी चहा दिला, तुरीच्या भावाचं बोलले, आणि मी उठून आलो. शहाणे करून सोडावे सकळ जन, पण बापाला शहाणं करायला तोंड कुठून आणायचं?

त्यानंतरच्या टूर्नामेंटच्या आधी एका सकाळी काका माझ्याच घरी आले. फार थकले होते, काठी आली होती. बायकोने खुर्ची दिली, ती नको म्हणून ओसरीच्या पायरीवर बसले.

"तू त्या नाल्यात उतरला होता ना रे?"

"हो, काका."

"सारं पाह्यलं?"

"जेवढं पाह्यता आलं तेवढं पाह्यलं."

"मानूस किती येळ राह्यते रे त्यात, जित्ता?"

"थोडाच, काका. झोप लागते तसा गुमान जाते. तरास होत नाई म्हनतात."

"म्हनतात." काका म्हणाले. "तू तवाच सांगतलं होतं मले. मैदानावर."

"हो."

"सांगतलं होतं," ते पुन्हा म्हणाले. काठीने मातीवर काहीतरी गिरवत बसले. मग उठताना म्हणाले, "गिरीशले म्हना, या खेपेले अकरा उतरवा. पोरं हारून हारून कट्टाळले असतीन."

शनिवारी अकरा उतरले. रेफरीने मोजले आणि शिट्टी वाजवली, काही विचारलं नाही. लेफ्ट हाफला केळझरहून मागून आणलेला सतीश होता. आमच्या पोरांना सवयच नव्हती, पहिला पाऊण तास त्याला कोणी पासच देईना. बिचारा रिकामाच धावत राहिला. मॅच हरलो, दोन-एक. काका मैदानावर आले नव्हते.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. खाटेवर बसले होते. मॅचचं सांगितलं.

"लेफ्टले कोन होता?"

"सतीश. केळझरचा."

"पयते का चांगला?"

"पयते, काका. मस्त धावला."

"बरं झालं," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पोस्टवरही कधी ऐकला नव्हता. इतक्या वर्षांचं एकदम बाहेर पडत होतं. मी त्यांचा खांदा धरून बसलो.

गल्लीतली माणसं धावत आली. शेजारची म्हातारी दारातूनच विचारायला लागली, "काय झालं वं माय? कोन गेलं?"

मी म्हणालो, "आपला मिलिंद गेला."