फ्रीझरमधली स्ट्रॉबेरी आणि माझी धडधड

जॅमच्या बाटल्या संपतात, किस्से मात्र साठतच जातात. पंचवटीत शोभाकाकूंच्या घरी आम्ही तिघी जॅम करतो. काकू, लासलगाव माहेर असलेली मंगल आणि मी. थंडीत सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी येते. ती धुऊन, देठ काढून डीप फ्रीझरमध्ये भरायची आणि वर्षभर लागेल तशी काढून शिजवायची. ओळखीची दहा-बारा घरं घेतात, आणि बहुतेक घरांत लहान मुलं.

म्हणून मला कायम एकच धास्ती. आपल्या हातचं खाऊन कुणाच्या पोराला काही झालं तर?

"सुजाता, तू ढवळतेस कमी, घाबरतेस जास्त!" काकू म्हणतात. खरंच आहे ते.

*

पहिला जॅम गरम गरम भरला, झाकणं लावली आणि चहा घेत बसलो. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "टक्!" मग दुसरा, "टक्!"

"ताई, पळा! बाटल्या फुटायला लागल्या!" मंगल ओरडली. आम्ही दोघी अनवाणी जिन्यात. शेजारच्या वहिनीही बाहेर आल्या.

काकू आत शांतपणे मेथी निवडत होत्या. "अगं, गार होताना झाकण आत ओढलं जातं, त्याचा आवाज तो. फुटणारी बाटली आधी सांगून फुटते का?"

*

गोठलेल्या फळाला वास नसतो, हे आम्हाला फार महागात पडलं. मंगलने फ्रीझरमधून लालभडक पिशवी काढली आणि स्ट्रॉबेरीच्या पातेल्यात ओतली. पाच मिनिटांनी घरभर लसणाचा वास! काकूंची टोमॅटोची ग्रेव्ही होती ती.

संध्याकाळी एका वाढदिवसाला जॅम द्यायचा होता.

मंगलने पातेल्यात डोकावून पाहिलं. "ताई, आता कांदा तेवढा टाका. लय भारी भाजी होईल!"

तेव्हापासून प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी असते.

*

मंगलच्या भाचीच्या लग्नाला आम्ही तिघी तीन दिवस लासलगावला गेलो. फ्रीझर भरलेला. काकूंची एक पद्धत आहे. वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवायचं आणि बर्फावर एक रुपया ठेवायचा. लाईट बराच वेळ गेली तर बर्फ वितळतो, रुपया तळाला जातो. लाईट आल्यावर सगळं पुन्हा गोठून दगडासारखं दिसलं तरी रुपया खरं सांगतो.

आलो, झाकण उघडलं. रुपया तळाला!

मंगल मटकन खाली बसली. वर्षभराची स्ट्रॉबेरी होती ती. आणि मला दरदरून घाम फुटला, कारण रुपया ठेवायचं काम माझं होतं. निघायच्या घाईत मी तो बर्फ व्हायच्या आधी, पाण्यातच टाकला होता! आता लाईट गेली होती की नाही, कळणार कसं?

धावत शेजारच्या वहिनींना विचारलं.

"गेली असेल बाई," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना!"

*

काकूंनी एक पिशवी उघडली, वास घेतला, फळ चेपून पाहिलं. "बरं दिसतंय. एवढ्या पिशवीचा करू, मग ठरवू."

चार बाटल्या झाल्या. "मुरू दे. मी फोन करते," असं नेहमीसारखं म्हणून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला राहवेना. मंगलला घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं. ओट्यावर एक बाटली उघडी, अर्धी रिकामी. आणि काकू पलंगावर आडव्या.

"काकू!" उत्तर नाही. "काकू!" मंगल रडायलाच लागली. मी त्यांचा खांदा गदागदा हलवला.

काकूंनी डोळे उघडले. "काय गं? जरा डोळा लागला होता."

"तुम्ही तो जॅम खाल्लात?"

"काल चार पोळ्यांना लावून खाल्ला. सकाळी परत दोन."

"अहो, पण का?"

"मग कुणी खायचा? तुमच्या घरात लेकरं आहेत. माझा मुलगा लांब बंगळुरूला." त्या उठून पदर सारखा करू लागल्या. "प्रत्येक वेळचा जॅम आधी मीच खाते. दोन दिवस थांबते, काही झालं नाही की तुम्हाला फोन करते, मुरला म्हणून."

मंगलने डोळे पुसले आणि बाटलीकडे हात नेला.

"ठेव ती खाली," काकू म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत नाही."