शिवेबाहेरचा येसाजी

येसाजीला वाडीत यायची मनाई कुणी केली नव्हती. तरी तीन पावसाळे तो शिवेबाहेर, शेळ्यांच्या गोठ्यात राहत होता. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची धनगरवाडी. सकाळी दूध घालायला तो माझ्याकडे यायचा आणि बोलता बोलता एकदम मान वळवून मागे बघायचा. मागे कोणी नसायचं. मी जन्मभर शाळेत पोरांवर डोळे वटारलेली बाई, पण त्याने मान वळवली की माझ्याही अंगावर काटा यायचा.

त्यांच्या वाडीची एक रीत होती. पावसाळ्याच्या तोंडावर एक बोकड निवडायचा. घरटी एकेकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून वर्षाची इडापीडा त्याच्यावर घालायची. मग येसाजीने त्याला रानापलीकडच्या कड्याशी नेऊन सोडायचं, मागे वळून बघायचं नाही, येताना शिवेवरच्या ओढ्यात अंघोळ करायची आणि मगच वाडीत शिरायचं. येसाजीनेच का? बायको नाही, पोर नाही, कधीही हाताशी. ज्याच्यामागे कोणी नाही त्याच्या गळ्यात गावाचं नको ते काम घालायचं, ही आपली जुनी खोड आहे आणि मला तिचा संताप येतो.

तो शिवेबाहेर गेला त्या वर्षीचा बोकड लळ्याचा होता. त्याची आई मेली तेव्हा येसाजीची वहिनी चिमाबाई हिने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. येसाजी त्याला सोडून आला, अंघोळ केली, जेवून झोपला. सकाळी बोकड वाडीत हजर, गळ्यातली घंटी वाजवत. लोक म्हणाले, येसाजीने मागे बघितलं असणार. पुढे आषाढात डोंगर खचला आणि तीन घरं गेली. येसाजीचा थोरला भाऊ भिकाजी त्यात गेला, बोकडही गेला. येसाजीने आपलं घोंगडं उचलून शिवेबाहेर नेलं.

"मी बघितलं नव्हतं वो बाय," तो मला सांगायचा. "पन आता वाटतं, बघितलं आसंल. घंटी वाजते माज्या मागं. रोज वाजते."

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणतात, कारण आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. पोलादपुरात आता माझं एकटीचं घर उरलंय. दारफळणीच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, सणाला आम्ही दारं लावून उपास करतो. त्या दिवशी आपली मेलेली माणसं घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात असं आई सांगायची.

यंदा दारफळणीला मी तोरातला, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातला, त्या दिवसाचा नेहमीचा अध्याय वाचत होते. याजक बोकडाच्या डोक्यावर हात ठेवतो, लोकांची पापं कबूल करतो आणि बोकड रानात पाठवतो. कुणाच्या हाती? 'ईश इत्ती'च्या. हा 'इत्ती' शब्द सगळ्या हिब्रू शास्त्रात एकदाच येतो. मुळात 'एत' म्हणजे वेळ. तेव्हा, वेळेला हाताशी असलेला माणूस. त्याला नाव नाही. इतकी वर्षं माझी नजर त्याच्यावरून सरळ पुढे जायची. यंदा तिथे अडखळले, आणि बंद दाराबाहेर घंटी वाजल्यासारखं वाटलं. मी घाबरले, खोटं कशाला बोलू?

जुन्या पंडितांनी या शब्दाचा कीस पाडलाय. कोणी म्हणतं, आधीच नेमून ठेवलेला. कोणी म्हणतं, ज्याचं मरण त्याच वर्षात लिहिलंय असा. हा दुसरा अर्थ मला मुळीच मानवत नाही, कारण शास्त्र त्या माणसाला विसरत नाही. पुढे लिहिलंय, बोकड सोडणाऱ्याने कपडे धुवावेत, अंग धुवावं, आणि त्यानंतर छावणीत, म्हणजे आपल्या लोकांच्या वस्तीत, यावं. मी यातून एवढं समजते की, ओझं नेणारा बाहेरच राहिला तर आतल्यांचं प्रायश्चित्तही अपुरंच राहिलं.

शिळ्या सणाला मी वर गेले. गुडघ्यांनी वाटेत खूप शिव्या दिल्या. शिवेच्या दगडापाशी चिमाबाई रोजच्यासारखी येसाजीची भाकर घेऊन आली होती. मी दोघांना सगळं सांगितलं.

"पुस्तकात आसा मानूस हाय?" येसाजीने विचारलं.

"आहे."

"नि त्याला आत घेतात?"

"त्याने यावं, अशी आज्ञाच आहे."

"बोकड त्याच्या मागून आला तर?"

यावर पुस्तकात काही नाही. सवयीने येसाजीची मान मागे वळली.

"तो तुज्या मागून नाय आला रे," चिमाबाई म्हणाली. तिने भाकर दगडावर ठेवली. "मीच गेलेली. तू ओढ्यात उतरलास तवा मी रानात शिरले नि त्याला हाक मारली. लेकरावानी वाढवला होता. रातभर गोठ्यात लपवला, सकाळी सुटला. मंग तुजा दादा गेला, नि माज्या तोंडातून शबूद निघंना."

"तीन पावसाळं, वयनी," येसाजी एवढंच म्हणाला. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

तो उठला, कपड्यांसकट ओढ्यात उतरला, डोकं बुडवलं आणि पलीकडे, वाडीच्या बाजूला चढला. चिमाबाई जागची हलली नाही. शिवेच्या दगडावर, येसाजी बसायचा तिथेच, ती बसली.

"माज्यासाठी काय लिवलंय, बाय?"

पलीकडे येसाजी निथळत उभा होता. त्याने मागे बघितलं, ते तिच्याकडे.

"वयनी," तो म्हणाला, "पानी हाय की अजून. उतर."