धण्याचं पाणी

दार उघडलं की मंगलाकाकू "ये, बस" म्हणायच्या नाहीत. "पाणी प्यायलीस का?" हा पहिला प्रश्न. मग दारात मी असो, कुरिअरवाला असो की भांडायला आलेली शेजारीण. दिल्लीत आरोग्य खात्यात नोकरी करून निवृत्त झाल्या नि नोएडाच्या एका सोसायटीत राहायला आल्या. "अर्धे आजार पाण्याने जातात, यार," सत्तरीतही त्यांचं हे 'यार' सुटलं नव्हतं.

भल्या सकाळी त्यांच्याकडे सुनीता भांडी घासायला यायची. तिथून पुढे इतर घरं. तिला लघवीला जळजळ व्हायची, मधूनच ताप यायचा. काकू धणे भिजवून ते पाणी गाळायच्या आणि बाटली तिच्या हातात द्यायच्या. एकदा त्यांनी जिन्यात पाहिलं, सुनीता ती बाटली कुंडीत रिकामी करत होती.

"अरी, ये क्या कर रही है?"

"आंटीजी, पिऊँगी तो जाऊँगी कहाँ?"

इतर घरांत कामवालीने बाथरूम वापरलेलं चालत नव्हतं. क्लबहाउसचं स्वच्छतागृह 'फक्त रहिवाशांसाठी'. म्हणून बायका दुपारपर्यंत तहान मारून लाद्या पुसायच्या. स्पष्टच लिहिते, हा आजार सोसायटीच्या कमिटीने बहुमताने मंजूर केलेला होता.

मी घरकामगार संघटनेचं काम करते. काकूंनी मला बोलावून घेतलं. "अगं, नोकरीभर 'भरपूर पाणी प्या' अशी परिपत्रकं काढली. प्यायल्यावर जायचं कुठे, हे एकातही नाही!"

संक्रांतीला त्यांनी क्लबहाउसमध्ये हळदीकुंकू केलं. सोसायटीतल्या मराठी बायकांना आग्रहाने चहा पाजला, वर मसाला दूध. मग स्वच्छतागृहाच्या दारात खुर्ची टाकून स्वतः बसल्या.

"मंगलाताई, सरका ना!"

"आज रहिवाशांना बंद. सुनीता दुपारपर्यंत रोखून धरते, तुम्ही घटकाभर धरा."

"सणाच्या दिवशी हा कसला तमाशा?" म्हणत एकीने वाण तिथेच ठेवलं आणि निघून गेली. मी खूश होते. काकू मात्र नव्हत्या. "लाजवलं मी त्यांना, पटवलं नाही," त्या म्हणाल्या. "लाजलेला माणूस मत देत नाही गं, उट्टं काढतो." तसंच झालं. काकूंनी सभेत मांडलेला, कामवाल्यांसाठी स्वच्छतागृह बांधायचा प्रस्ताव पडला. विरोधात सगळ्यात आधी त्याच बायकांचे हात वर गेले.

उन्हाळ्यात सुनीताचा ताप उतरेना. सरकारी रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, संसर्ग मूत्रपिंडातून रक्तात गेलाय, फार उशीर केलात. ती वाचली नाही. मग कमिटीला जाग आली. जनरेटरमागे एक स्वच्छतागृह उभं राहिलं.

दुसऱ्या सोसायट्यांत वाटायला, भिंतींवर लावायला मी पत्रक तयार केलं, वर सुनीताचा फोटो. काकूंना दाखवलं.

"हा काढ. जिवंतपणी कुणी दार उघडलं नाही, आता भिंतीवर चिकटवता?"

"मग तिथे काय छापू?"

"कमिटीची नावं. 'फक्त रहिवाशांसाठी' हा ठराव झाला तेव्हा जे जे होते, ते सगळे." मग म्हणाल्या, "पहिलं माझं घाल. ठराव मीच लिहिला होता. ड्राफ्टिंग चांगलं होतं ना माझं."

पत्रक छापून येण्याआधीच काकू गेल्या, झोपेत. त्यांचं नाव गाळावं असं फार वाटलं. गाळलं नाही.