काकांचं दमण

एकदाही दमणला न गेलेला, पण डोळ्यांवर पट्टी बांधून दमणच्या नाक्यावर सोडला तर बिनचूक किल्ल्याच्या दारात जाऊन उभा राहील, असा माणूस साऱ्या भारतात एकच आहे आणि तो गोव्यात पेडण्याच्या आतल्या अंगाला इब्रामपुरात राहतो. हा माणूस म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. सर्व्हे खात्यात उभी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात घालवली, दोन सख्ख्या भावांच्या भांडणात मध्ये मोजणीची साखळी धरून उभे राहिले, आणि निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी घरबसल्या दमण मोजायला घेतलं. त्याला आता पंधरा वर्षं होतील.

या दमणाचं मूळ मावशीत आहे. माझे आजोबा पोर्तुगीज अमदानीत दमणच्या जकात कचेरीत कारकून होते. मावशी तिथलीच. ती आठ वर्षांची असताना गोव्याबरोबर दमणही मुक्त झालं आणि पाठोपाठ आजोबा बिऱ्हाड घेऊन गावी परतले. माझी आई त्यानंतरची, त्यामुळे दमणच्या त्या घरावर मावशीचा एकटीचा हक्क. किल्ल्याच्या तटामागे, कोपऱ्यापासून तिसरं घर. मावशीला काल कोण आलं होतं ते आठवत नाही, पण त्या घराच्या माजघरात सकाळचं ऊन कुठपर्यंत यायचं ते ती जमिनीवर बोट ठेवून दाखवते. डोळे मिटायच्या आधी एकदा ते घर बघायचं, एवढंच तिचं आयुष्यातलं मागणं. सोनं नको, साडी नको. "हातूंत कितां आसा? दोन दिसांचो प्रवास. निवृत्त झालंय काय व्हरतंय तुका," असं म्हणून काकांनी निवृत्तीनंतर तिला न्यायचं कबूल केलं होतं. दोन दिवसांच्या या प्रवासाची तयारी मग पंधरा वर्षं चालली.

काकांची प्रवास आखायची एक स्वतंत्र पद्धत आहे. ते सुरुवात परतीपासून करतात. "पयलां परत कसां येवचां तां ठरय. जावंक काय, कोणय जाता!" हे त्यांचं सूत्र. त्यामुळे त्यांच्या वहीत पहिल्या पानावर इब्रामपूरचं घर, तिथून मागे मागे जात थिवी स्टेशन, त्याच्या मागे वापी, आणि शेवटच्या पानावर दमण. वही पुढून वाचणाऱ्याला ही माणसं दमणहून पळून आलीत असंच वाटावं. नकाशाही त्यांनी स्वतः काढला. अंतरं मोजायला मावशीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा नकाशातल्या रस्त्यांवरून वळणावळणाने फिरवायचा, मग तो सरळ करून फूटपट्टीवर धरायचा. मी एकदा त्यांना मोबाईलवर दमणचा रस्ता काढून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि फोन परत दिला. "ह्यां मशीन रस्तो दाखयता गो बाय. थंय चलणारां माणूस कितक्या वयाचां, तां ह्याका खंय ठावक?" मग त्यांनी अंगणात मावशीला चालायला लावून तिची पावलं मोजली आणि दमणची सगळी अंतरं मावशीच्या पावलांत बदलून घेतली.

प्रवासाच्या तालमी तर गावभर गाजल्या. शिदोरीला मऊ पाव न्यायचा की कडक पाठीचे गोल उंडे, हे ठरवायला काकांनी तीन उंडे फडक्यात बांधून तीन दिवस आल्मारीत ठेवले, आणि चौथ्या दिवशी त्यातला एक मावशीला खायला लावून निकाल वहीत लिहून ठेवला. निकाल असा, की उंडो टिकतो, दात टिकत नाहीत. सामान उचलायची तालीम वेगळी. एका वर्षी दोघं नवे कपडे घालून, पिशव्या घेऊन, भर सकाळी बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. काकांनी घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी टिपलं, बस आली तेव्हा तिला हात हलवून जायला सांगितलं आणि दोघं घरी परतली. पुढच्या वर्षी ही तालीम थिवी स्टेशनपर्यंत गेली. गाडी आली, काकांनी डब्यांचे आकडे वाचले, गाडी गेली, आणि दोघं कोकम सरबत पिऊन परतीच्या बसला लागली. संध्याकाळी शेजारीण विचारायला आली, कसां होतां दमण? काका म्हणाले, "अर्धां झालां." मावशी हसली. तिचं हे हसणं मला त्या काळात फार मोठ्या मनाचं वाटायचं. माझा नवरा असा वागता तर मी पिशवी तिथेच फलाटावर टाकली असती.

कळस म्हणजे देवीचा कौल. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, पुजाऱ्याने गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. तालीम पुरी झाली की दरवर्षी काका नारळ घेऊन देवळात जायचे. प्रश्न मात्र पुजाऱ्यावर सोडायचे नाहीत. तो घरून लिहून आणलेला असायचा. "माये, मे महिन्याच्या पयल्या सप्तकात, दुपारच्या गाडीन, सकयले, लोअर बर्थ मेळ्ळे तर, वापीवेल्यान आमी दमणाक जावं नये अशी तुजी इच्छा आसात तर उजवो प्रसाद दी." देवी बिचारी उजवी पाकळी टाकायची. काका हात जोडायचे, "बघा, नको म्हणता," आणि नारळाची अर्धी कवड घेऊन घरी यायचे.

पुजाऱ्याने एकदा विचारलं, "काकांनु, सगळो गाव 'जावं काय' म्हणान विचारता. तुमी 'जावं नये काय' कित्याक विचारतात?"

"सरळ विचारलां तर देवी भिडेन हय म्हणता," काका म्हणाले. "उलटां विचारलां काय ती विचार करून सांगता."

आणि एखाद्या वर्षी डावी पाकळी पडलीच, तर काका कपाळाला हात लावायचे, अरेच्या, छत्रीचां सांगूक विसरलंय, आणि छत्रीसकट नवा प्रश्न घालायचे. उजवी पडेपर्यंत. घरी येऊन मावशीला एवढंच सांगायचे, की देवीचा यंदा रुकार नाही. मी डिचोलीहून सुट्टीला गेले की हे सगळं ऐकून पोट धरून हसायची. काका प्रवासाला घाबरतात, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आयुष्यभर सांगे ते पेडणे असा सगळा गोवा पायी तुडवलेला माणूस आगगाडीला कसा घाबरेल, हा विचार काही माझ्या डोक्यात आला नाही.

यंदा मावशीला त्र्याहत्तरावं लागलं. एका सोमवारी कुणाला न सांगता ती एकटी देवळात गेली. तिच्या हातात कागद नव्हता. पुजाऱ्याला म्हणाली, एवढंच विचारा, जावं? पुजारी सांगतो, त्याने गाऱ्हाण्याला तोंड उघडायच्या आत उजवी पाकळी खाली. मावशी तशीच घरी आली आणि तिने पिशवी भरली. आता देवीचाच हुकूम, काका बोलणार काय? दोन दिवस ते पडवीत येरझारा घालत राहिले. मग त्यांनी जाहीर केलं, की घराचा दिवा दोघांनीही सोडून चालायचं नाही, तेव्हा मावशीने जावं, सोबत मी जावं, आणि ते राहतील. मला मनातून राग आला. शेवटच्या क्षणीही पाय मागे घेतलाच ना!

निघायच्या दिवशी त्यांनी मला फाटकापाशी थांबवलं. वही माझ्या हातात दिली पण सोडेनात.

"बाय, थंय घर ना," ते म्हणाले.

"घर नाही म्हणजे?" मी विचारलं.

"आमच्या गावचो एक डायवर वापीक माल घेवन जाता. नकाशो पुरो जावंक चार वर्सां गेली, मगे अकरा वर्सांआदीं त्याका तो दिवन धाडलंलो. म्हटलां, जावचे आदीं बघून तरी येव दे. तो येवन म्हणटा, काका, तिसऱ्या घराच्या जागेर चार माळयांचां लॉज आसा." काकांनी इकडेतिकडे बघितलं. "तिच्या मनांत तां घर उबां आसा. मी कसो पाडू? तू तिका बाग दाखय, समुद्र दाखय. त्या गल्लीत व्हरू नको. आणि मी जाणां तां तिका कळूक नको."

अकरा वर्षं हा माणूस बायकोच्या नजरेत घाबरट ठरला, गावात वेडा ठरला, देवीला उलटेसुलटे प्रश्न घालत राहिला, आणि मी त्याच्यावर पोट धरून हसले होते. मी नुसती मान हलवली आणि गाडीत बसले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी वापीहून रिक्षा केली आणि दमण आलं. येताच काकांचा फोन. तो फोन पुढे बंद झालाच नाही. मावशीने तो कानाला लावला, मी शेजारून ऐकत होते. आता पूल लागात, वारो आसतलो, पदर धर. आता किल्ल्याचो दरवाजो, पायांसकयल फातर गुळगुळीत आसतले, बायचो हात धर. भितर गेल्यार बाग, बागेफुडे चर्च. सगळं जिथल्या तिथे. इब्रामपुरात पडवीत बसलेला माणूस आम्हाला दमणमधून हाताला धरून चालवत होता. "हंयसून तुजीं दोनशें चाळीस पावलां, मगे दुसरो दरवाजो." मी गंमत म्हणून मोजली. दोनशे बेचाळीस भरली. मी तसं सांगितलं तर ते म्हणाले, "ती दोन पावलां वळून चर्चीक पाया पडली आसतली." ती खरंच पडली होती.

दुसऱ्या दरवाज्याबाहेर रस्ता फुटला. डावीकडे तटाला धरून अरुंद गल्ली, उजवीकडे समुद्र. 

"आता उजवीकडे," काका म्हणाले.

"डावी मगे," मावशी म्हणाली.

"उजवी गो. नकाशो माझ्याफुडे आसा."

पंधरा वर्षांत काका पहिल्यांदा रस्ता चुकवत होते, आणि त्यांना ते अजिबात जमत नव्हतं. आवाज नको इतका मोठा. मीही म्हटलं, मावशी, आधी समुद्र बघू या, ऊन चढेल. मावशीने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. "ह्येंचां आज काय तरी बिघडलां," असं म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला आणि ती डावीकडे वळली. ज्या पायांना घरची पायरी दोनदा चाचपावी लागते ते पाय त्या गल्लीत मुळीच अडखळले नाहीत. माझ्या हातातल्या फोनमधून बारीक आवाज येत होता, उजवी गो, उजवी.

मावशी कोपऱ्यापासून मोजत गेली. एक घर. दुसरं घर. आणि मग चार मजल्यांचं लॉज. काचेचं दार, वर पिवळी पाटी, भिंतीवर ओळीने एसीचे डबे, पाणी ठिबकणारे. मावशी समोरच्या तटाला टेकून उभी राहिली. ती रडली नाही. लॉजकडे बघत होती, पण वर नाही, खाली, फरशीवर, जणू तिथे ऊन कुठपर्यंत आलंय ते बघत होती.  मग तिने माझ्यापुढे हात केला. मी फोन दिला.

"अहो, गावलां घर," मावशी म्हणाली.

  काकांचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत.

"कसां आसा?"

"आसा तसां आसा. कोण तरी रवतत. पायरेर रांगोळी घातल्या."

"छपरार कौलां?"

"परतलेली दिसतत. यंदाच परतल्यांनी."

"बरां," काका म्हणाले. "बरां केल्यांनी." आणि मग, "उनात उबी रवू नको."

फोन ठेवल्यावर मावशीने पदराने त्याची काच पुसली. "ह्येंका सांगू नको हां बाय," ती म्हणाली. "पंधरा वर्सां त्या घराच्या पाठीमागे आसत. त्येंका सोसूचां ना." मी पुन्हा मान हलवली. त्या प्रवासात मला दुसरं काही करता आलंच नाही.

आम्ही घरी पोचलो तेव्हा काका बसस्टॉपवर उभे होते. पिशव्या त्यांनी घेतल्या. मावशी आत हातपाय धुवायला गेली तशी त्यांनी मला विहिरीपाशी गाठलं. "तिका लय लागलां काय गो?" मी म्हटलं, नाही काका. मग मावशीने स्वयंपाकघरात चहा ओतता ओतता विचारलं, "त्येंका खरां वाटलां मगे?" मी म्हटलं, हो, वाटलं. दोघांना माझ्यावर पूर्ण भरवसा, आणि मी दोघांमध्ये चहा पीत सोप्यावर बसलेली. मला दोघांच्याही गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं आणि ते करायची सोय नव्हती.

काकांनी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि सहज विचारावं तसं मावशीला विचारलं, "रांगोळी ठिपक्यांची काय फुलांची?"

"फुलांची," मावशी म्हणाली. "मदीं कमळ."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मावशीनेही बघितलं.

"हो," मी म्हटलं, "कमळच होतं. गुलाबी रंग भरला होता."