सोळा शेंगांची बाटली

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. वेलांटी कुठं पहिली आणि कुठं दुसरी, हे मला अजून कळत नाही. नववीत शाळा सोडली आणि बारामतीत तात्यांच्या बेकरीत लागलो, त्याला आठ वर्षं झाली. भारी शब्द मला येत नाहीत, तेव्हा साध्या शब्दांत लिहितो.

बेकरीतले पाव संध्याकाळपर्यंत संपतात. किस्से संपत नाहीत. कालच्या किश्शांवर आजचे पडतात आणि ढीग वाढत जातो! लोक ते सांगून पोट धरून हसतात. व्हॅनिलाचे किस्से मीही हसतच सांगणार होतो. पण लिहायला बसलो की डोकं तापतं. त्याला माझा इलाज नाही.

तात्या म्हणजे आमचे मालक. कल्पना वैनी त्यांच्या सूनबाई, माहेर इंदापूरचं. वैनींना बेकरीच्या मागच्या खोलीत स्वतःचं आइस्क्रीम सुरू करायचं होतं. इसेन्सचं नाही, खऱ्या व्हॅनिलाचं. तात्या म्हणाले, "एक मोठी ऑर्डर आण. खोली तुझी."

वैनींनी ते मनावर घेतलं. आणि मीही!

*

इंदापूरकडच्या बावड्यात एका माणसाने शेडनेटमध्ये व्हॅनिलाचे वेल लावलेत. फूल एकच सकाळ उघडं असतं. तेवढ्यात तो माणूस प्रत्येक फुलाला बारीक काडी लावून हाताने फळवतो, तेव्हा कुठं शेंग धरते. मग त्या शेंगा महिनोन्‌महिने वाळवायच्या, गुंडाळायच्या, परत वाळवायच्या. अशा वीस शेंगा वैनींनी मागवल्या. काळ्या, मऊ, तेलकट. काय वास होता! मी पुडी परत बांधून ओट्यावर ठेवली आणि पाव काढायला गेलो.

आलो तर पुडी रिकामी!

तात्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "सडल्याली गवार व्हती रं. म्हशीच्या घमेल्यात टाकली."

मी पेंडीत कोपरापर्यंत हात घातला. म्हैस माझ्याकडे बघत होती आणि चावत होती. अठरा सापडल्या. दोन गेल्या.

काकूंना काही वाटलं नाही. तात्यांना मात्र वाटलं. पुढचे दोन दिवस ते दुधाची किटली हुंगत होते. "आला का गं वास? न्हाय आला? मंग कशाचं डोंबलाचं व्हॅनिला!"

*

व्हॅनिलाचा अर्क दारूत करतात. शेंगा उभ्या चिरायच्या, दारूत बुडवायच्या, बाटली अंधारात ठेवायची आणि रोज हलवायची. जवळजवळ वर्षभर. पण दारू आणायची कोणी? वैनी जाऊ शकत नव्हत्या. तात्यांच्या गळ्यात माळ. राहिलो मी.

मी आयुष्यात कधी त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. तोंडाला रुमाल बांधून गेलो. तिथला माणूस म्हणाला, "कुठली देऊ?"

वैनींनी सांगितलेलं मी पाठ केलं होतं. "अजिबात वास नसलेली द्या."

तो हसला. "सगळी तीच मागत्यात, भावा. घरच्यांना कळू नये म्हणून!"

घरच्यांना कळलं. मी घरी काटेवाडीला पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई दारातच उभी. मी म्हणालो, "आई, केकात घालायला हाय ती."

आई म्हणाली, "तुझ्या मामानं बी गुडघ्याला चोळायला म्हणून आणली व्हती."

महिनाभर ती माझं तोंड हुंगूनच जेवायला वाढायची. राग यायचा हो!

*

सोळा शेंगा बाटलीत गेल्या. उरल्या दोन. एक वैनींनी साखरेच्या बरणीत खुपसली. आठवड्यात साखर अशी घमघमायला लागली की बरणी उघडली तरी पोट भरावं. ती साखर बिस्किटांसाठी होती. मी बरणीवर चिठ्ठी चिकटवली, "हात लावू नये."

मैद्याच्या पोत्यांचा व्यापारी आला. तात्यांनी त्याच साखरेचा चहा केला, अर्धी बरणी संपवून. मी म्हणालो, "तात्या, चिठ्ठी व्हती."

"व्हय. पाहुण्याला चांगलंच देत्यात की!"

व्यापाऱ्याने दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला. "तात्या, राग मानू नका. पण कपाचा साबण नीट निघाला न्हाय."

तात्यांनी मला तीन वेळा कप घासायला लावले!

*

दुसऱ्या शेंगेचं आम्ही नमुन्याला आइस्क्रीम केलं. शेंग चिरून सुरीने आतला गर खरवडायचा आणि दुधात उकळायचा. त्यात खसखशीपेक्षा बारीक काळे दाणे असतात. तेच तर त्याचं खरेपण! वैनींनी मला चमच्यातले दाणे उजेडात धरून दाखवले. मी तर बघतच राहिलो.

पहिला वाडगा नेहमीच्या एका मास्तरांना दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, परत डोळ्यांवर घेतला. "तात्या, मुंग्या हायत ह्यात."

"मुंग्या न्हाईत, गुरुजी," मी म्हणालो. तेवढंच बोललो. मला चारचौघांत बोलता येत नाही, घसा बसतो.

"मंग काय हाय?"

मी सांगेपर्यंत तात्या भांडं घेऊन आत गेले. आइस्क्रीम वितळवलं. पंच्याच्या चार घड्या करून त्यातून गाळलं. दाणे पंच्यात राहिले. वर त्यांनी चिमूटभर पिवळा रंग टाकला आणि सगळं परत गोठवलं.

मास्तर दुसऱ्या दिवशी आले, खाल्लं आणि मान डोलावली. "आता कसं व्हॅनिला दिसतंय!"

तो पंचा मी धुतला. दोन दिवस माझ्या हाताला वास येत होता. मी तो हुंगायचो आणि मला आणखी राग यायचा.

*

बाटलीची गोष्ट बाहेर फुटलीच. सुप्याचा एक माणूस मुलाच्या वाढदिवसाचा केक सांगायला आला. काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "तुमच्या केकात दारू घालत्यात म्हणं?"

तात्यांनी माळेला हात लावून शपथ घेतली. "थेंब न्हाय! ती बाटली वेगळी, अजून उघडली बी न्हाय."

माणसाचं तोंड पडलं. "न्हाय का? मंग ऱ्हाऊ द्या. लांबनं आलो व्हतो."

ह्या किश्शावर सगळे हसतात. मी नाही हसत. अर्क पुरता मुरायच्या आधीच त्याचं नाव खराब झालं होतं.

*

आता शेवटचा.

अकरा महिने मी बाटली हलवली. आजारी होतो तेव्हाही येऊन हलवून गेलो. रंग आधी चहासारखा, मग काकवीसारखा झाला. वैनी कधीकधी झाकण उघडून नुसता वास घ्यायच्या आणि परत लावायच्या.

भिगवणच्या बाजूला, उजनीच्या पाण्याकाठी एक हॉटेल आहे. पक्षी बघायला पुण्याचे लोक येतात, त्यांच्यासाठी. तिथला मॅनेजर खरं व्हॅनिला शोधत होता. वैनींनी त्याला बोलावलं. रविवारी दहाला येतो म्हणाला. आदल्या रात्री वैनींनी दूध आटवून ठेवलं. सकाळी मी अर्क घालायचा, असं ठरलं होतं.

सकाळी मी पोचलो तर आइस्क्रीम मशीनमध्ये फिरत होतं. तात्या हात पुसत उभे. "म्या टाकला अर्क. उशीर नको म्हणून."

मॅनेजर आला. एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला आणि डोळे मिटले. "वा! शाळेबाहेरची आइस्क्रीमची गाडी आठवली! हाच तो वास! दर आठवड्याला पाठवा."

तात्यांनी त्याच्या हातात मानाचा नारळ ठेवला. वैनींनी चमचाभर खाल्लं आणि चमचा खाली ठेवला. मॅनेजरची गाडी गेल्यावर त्या सरळ आत गेल्या. मी मागोमाग. बाटली गळ्यापर्यंत भरली होती. आदल्या दिवशी ती पाऊण होती. वैनींनी झाकण काढलं. वास नाकात काडी घातल्यासारखा घुसला.

"कुणी?" वैनी म्हणाल्या.

"मीच की!" तात्या दारात होते, छाती काढून. "पाऊणच व्हती. आपल्या इसेन्सची अख्खी बाटली वतली वरनं. लोणच्याचं तेल कमी झालं की वरनं घालतूच न्हवं आपण? बघ, वास कसा उघडला! अकरा महिन्यांत तुमाला जमलं न्हाय, ते म्या आज सकाळी पाच मिनिटांत केलं!"

माझा घसा बसला नाही. मी ओरडलो. "तात्या, ह्ये खोटं हाय!"

तात्या शांतपणे म्हणाले, "गिऱ्हाईक तर खरं हाय न्हवं?"

वैनींनी मोबाइल काढला. मॅनेजर अजून रस्त्यातच असेल. "साहेब, तुम्ही आत्ता खाल्लं त्यात इसेन्स होता. खरं पाहिजे असेल तर परत वर्ष लागेल. थांबायचं तर थांबा."

"आगं, काय करतीस!" तात्या ओरडले. "मंग त्या खोलीचं नाव काढू नगंस!"

वैनींनी तिकडे लक्ष दिलं नाही. पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. त्या ऐकत होत्या. मग "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?" तात्यांनी विचारलं.

वैनी जिना चढून वर गेल्या. तो काय म्हणाला, ते त्यांनी मलाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला मी बेकरी उघडली. बाटली मागच्या मोरीत उलटी केली, शेंगांसकट. मग गरम पाण्याने तीनदा धुतली आणि भट्टीच्या कडेला पालथी घातली. वास गल्लीभर गेला. सहापासून काउंटरवर माणसं जमायला लागली. रोज न येणारीही आली. तात्या गल्ल्यावर बसून माझ्याकडे बघत होते.

"आज काय स्पेशल रं?" लोक विचारत होते. "काय वास सुटलाय! काय भाजलंय?"

मी म्हणालो, "खारी."