जिजी आणि कापसातले कोळी

लोणखेड्याच्या थोरल्या घरून गडी आला तेव्हा मी अंगणात दादर ज्वारी पाखडत होते. "इतल्या उनमा कसाले ऊना रे?" मी त्याच्यावर ओरडले. त्याने डोक्याचं फडकं सोडलं आणि तो खालीच बसला. सूप माझ्या हातात तसंच राहिलं... माझी थोरली जाऊ, जिजी, गेली होती. महिना होत आला. अजून मनातल्या मनात मी तिच्याशी भांडते.

लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मी अंगात वारं भरलेली पोर होते. कापूस वेचताना पायाजवळून एक करडा कोळी धावला, तर ओटीतला सगळा कापूस उधळून मी थेट बैलगाडीवर! जिजी पोट धरून हसली. "वाघ ऊना का वं?" मग तिनेच तो मला दाखवला. कोळी म्हटलं की तुम्हाला जाळं आठवेल, पण हा जाळं विणत नाही. ढेकळांतून धावतो, दबा धरतो, किड्यावर झडप घालतो. मादी अंड्यांची पांढरी गोळी मागे चिकटवून शिकारीलाही सोबत नेते, आणि पिल्लं बाहेर आली की तिच्या पाठीवर चढून बसतात. एवढं ऐकून मी शहाणीने काय करावं? काडीने एकीची गोळी सोडवली. बिचारी गोल गोल फिरून शोधत राहिली. मी कापसाचा बोळा वळून पुढे टाकला, तर तिने तोच घेतला आणि निघाली! मी टाळ्या पिटल्या. जिजी हसली नाही. "तिन्हं तिले दई दे," एवढंच म्हणाली.

पुढे जिजीचं तान्हं बाळ तापाने गेलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. अन्न सोडलं, मग पाणीही... चोळी मात्र दुधाने भिजत राहिली. आता हीही जाणार, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. माझी सोनी तेव्हा अंगावर पिणारी. मला अक्कल सुचली, मी तिला नेऊन जिजीच्या कुशीत ठेवलं. जिजीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मले कापूसना बोळा दई ऱ्हायनी का वं?"

पोरीला उचलायचंही मला सुचलं नाही. मागल्या दारी पळाले आणि गोठ्यात तोंड लपवून बसले. आत सोनी भुकेने टाहो फोडत होती. मग एकदम गप्प झाली. घाबरत डोकावले, तर जिजी भिंतीला टेकून बसलेली, सोनी तिच्या पदराखाली. "कापूस रडस नही," ती म्हणाली, आणि बाळ गेल्यानंतर पहिल्यांदा रडली. दिवेलागणीला तिने भाकर मागितली.

त्यानंतर सोनी तिचीच झाली. न्हाऊ-माखू तिने घालायचं, ताप आला तर मांडीवर तिने घ्यायचं. मी आपली पाळण्याचे कपडे धुवायला!

दहाव्याला सोनी म्हसावदहून, सासरहून आली, ती अजून परतली नाही. मीही इथेच, लोणखेड्यात आहे. जिजीची खाट पडवीत तशीच. सोनी तिच्या पायथ्याशी बसते आणि वर कोणाला टेकू देत नाही. परवा दूरच्या नात्यातली एक बाई भेटायला आली. "कोण गयं वं तुन्हं?"

"मन्ही माय," सोनी म्हणाली.

मी शेजारी चांगली जिवंत, दात कोरत बसलेली. बाईने माझ्याकडे बोट केलं. "आन् ह्या कोण?"

सोनीने माझ्याकडे पाहिलं. मग खाटेकडे.

"मी तिन्ही काकी शे," मी म्हटलं, आणि बाईला बसायला खाली गोणपाट सरकवलं.