नवापूरची चादर आणि माझी कोरी जीन

नवी जीन घालून बोईसर-तारापूरकडे निघणार असाल, तर आधी हे वाचा. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, त्या साठच्या दशकातली गोष्ट आहे.

माझ्या कुसुमताईचं बोईसरजवळच्या नवापूरच्या जगनशी जुळत आलं होतं. घर बघायला मामा आणि मी जाणार होतो. निघताना ताईने मला पडवीत गाठलं.

"घर कसं हाय ते मामा बघंल. तू येवढंच बघ, काय सांडलं-लवंडलं तर तिथली माणसं कशी बोलतात. तू नाय म्हटलंस तर मी पण नाय म्हणणार."

तिच्या मैत्रिणीने एका फुटलेल्या बरणीवरून सासरी वर्षभर बोलणी खाल्ली होती, म्हणून ही चौकशी.

आमच्या दातिवऱ्याहून एसटीने पालघर, तिथून गाडीने बोईसर. कोळशाचं इंजिन असायचं, तेव्हा खिडकीत बसणाऱ्याने डोळे सांभाळायचे. बोईसर स्टेशनबाहेर एका शिंप्याकडे परदेशी कामगाराने न वापरताच विकलेली जीन टांगलेली होती. निळीशार, जाड. मी बघताक्षणी भाळलो. "ही पँट हाय का ताडपत्री?" मामा म्हणाला. कंबर सैल होती, ती शिंप्याने तिथेच आत घेतली. मी पोट ओढून ताठ उभा. "बैठ के देखो," तो म्हणाला, "और पहले पानी में अलग भिगोना, रंग छोड़ेगा." ऐकायला वेळ कुणाला होता? गुडघ्यावर फाटलेली जुनी पँट रफूला त्याच्याकडेच टाकली आणि टांग्यात बसलो.

नवापूरच्या वाटेवर असा घाम फुटला की बोलायची सोय नाही. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला, तेव्हा गाव आलं असं समजलो. जगनच्या आईने खाटेवर पांढरीशुभ्र चादर अंथरली होती. चहा झाला, गप्पा झाल्या. जेवायला उठलो आणि मामाने मला चिमटा काढला. चादरीवर दोन निळे डाग, मी बसलो होतो तिथेच.

पुढे पाट. मांडी घालायला गेलो तर गुडघा दुमडेचना. एक पाय सरळ जगनच्या आईच्या दिशेने. तिने माझ्याकडे बघितलं, मग चादरीकडे. माझ्या हौसेपायी ताईचं लग्न मोडणार, असंच वाटलं.

आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"जगन, पावण्याला तुजी लुंगी दे. पाय दुमडले तर जेवंल ना तो."

मामा चादरीबद्दल काहीतरी पुटपुटला.

"चादर काय, धुता येते," ती म्हणाली. "पोर उपाशी उठला तर ते कशानं धुवायचं?"

केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. मागच्या दारी जगनने एकेक पाय धरून ती जीन ओढून काढली. मांड्यांपर्यंत मी निळा झालो होतो. तो हसला, पण आपल्या माणसाला हसावं तसा. मग मांडी ठोकून तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण असं हाणलं की मामालाच लाज वाटली.

तर वाचकहो, जीन घेताना दुकानातच खाली बसून बघा. ओला पांढरा रुमाल कापडावर घासा, निळा झाला तर पहिलं पाणी वेगळं, मिठाचं. त्यानंतर ती जीन मी कितीतरी वर्षं वापरली, आणि मऊ झाल्यावर तिच्यासारखी दुसरी मिळाली नाही.

घरी परतलो तो लुंगीवरच. ताई दारात. मी सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, चादर बघून कोण काय बोललं? जगनच्या आईचं बोलणं मी जसंच्या तसं सांगितलं. ताई पाणी आणायला आत वळली. मला वाटलं, हिला पटलं नाही की काय.

दुसऱ्या दिवशी आईने माझी जीन आणि ती लुंगी एकाच बादलीत टाकायला घेतली. ताईने धावत येऊन लुंगी तिच्या हातातून काढून घेतली.

"ही वेगळी धुवायची," ती म्हणाली. "रंग लागंल."